घर विकावयाचे आहे



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घर बांधताना माणसाची कशी त्रेधा उडते ते या म्हणीत आले. पण घर विकताना काय होते, हे सांगणारी म्हण काही आपल्याकडे नाही. याचे कारण उघड आहे. पूर्वी राहते घर विकण्याची वेळ क्वचित कोणावर येई, आणि आलीच तर तो माणूस ती गोष्ट चारचौघांत बोलत नसे. आता तसे राहिलेले नाही. मुले पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेली, म्हातारी माणसे त्यांच्यामागोमाग गेली, आणि गावाकडच्या घराला कुलूप लागले. कोणाला दवाखान्याचा खर्च येतो, कोणाला मुलाच्या शिक्षणाची फी भरायची असते. तेव्हा घर विकणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे. मात्र ती जोखमीची गोष्ट आहे, आणि घाई असली म्हणजे ती अधिकच जोखमीची होते.

मी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिक्षक होतो. मी वकील नाही, आणि घरांचे सौदे करणाराही नाही. आज मी जे सांगणार आहे ते स्वतः ठेच खाऊन शिकलेले आहे. म्हणून आधी ती ठेच कशी लागली ते सांगतो.

आमचे घर सातारा जिल्ह्यात, एका लहान गावी. पाच खणांचे घर, दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, मंगलोरी कौले आणि मागे परडे. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले. आधी वडील गेले, दोन वर्षांनी आई गेली. मी तालुक्याच्या गावी राहत होतो, धाकटा भाऊ ठाण्याला, आणि थोरली बहीण, आमची अक्का, कराडकडे दिलेली. घर बंद पडले. पुढे भावाला मुलाच्या कॉलेजसाठी पैशाची निकड लागली. दोन महिन्यांत रक्कम उभी करायची होती. आम्ही दोघा भावांनी फोनवर ठरवले, की घर विकून टाकावे.

बाजारच्या दिवशी मी एका दलालाला गाठले. गृहस्थ बोलायला मोठे गोड. म्हणाले, "गुरुजी, तीन आठवड्यांत काम करून देतो. तुमच्या हातात अकरा लाख पडतील. वरचं काय ते मी बघतो. कागद काय आहेत?" मी ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवला. त्यावर आम्हा दोघा भावांची नावे होती. ते म्हणाले, "झालं तर मग!" मलाही वाटले, झाले.

दहाव्या दिवशी गिऱ्हाईक आले. त्याने एक लाखाचा चेक इसार म्हणून दिला. इसारपावती दलालानेच लिहून आणली होती. तीत एक अट होती, की दीड महिन्यात खरेदीखत करून न दिल्यास इसाराची दुप्पट रक्कम परत करावी लागेल. मी ती अट वाचली. मुलांना धडे समजावून सांगण्यात ज्याचा जन्म गेला त्या मी ती वाचली आणि खाली सही केली! मनात म्हटले, खरेदीखत होणारच आहे, मग अट कशीही असेना.

खरेदीखताचा मसुदा करायला बसलो, तेव्हा गिऱ्हाइकाच्या वकिलाने चष्मा काढून मला विचारले, "गुरुजी, तुम्हाला बहीण आहे का?"

त्या संध्याकाळी मी कराडची एस. टी. धरली. अक्काला सांगितले, "परवा तालुक्याला सही करायला यायचंय." ती म्हणाली, "कशाची सही?" मग मी सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "बाबा, घर विकायला माझी ना नव्हती. पण त्या वकिलाला मी आठवले आणि तुला नाही आठवले?"

अक्का सहीला आली नाही. दीड महिन्याची मुदत गेली. गिऱ्हाईक हटून बसले आणि आम्हाला एकाचे दोन लाख द्यावे लागले. त्याच भांडणात कळले, की दलालाने गिऱ्हाइकाला साडेबारा लाख किंमत सांगितली होती. आमच्या हाती पडणार होते अकरा. मधला दीड लाख कोणाचा, ते मी सांगायला नको. पुढे घर दीड वर्ष तसेच पडून राहिले. एका पावसाळ्यात कौले सरकून माजघरात पाणी आले. आणि त्या दीड वर्षात अक्का आमच्याकडे आली नाही.

श्रोतेहो, या गोष्टीत दलालाने लबाडी केली हे खरे. पण घर अडले ते दलालामुळे नव्हे. ते आमच्या घरातल्या गोष्टीमुळे अडले. घर लवकर विकावे असे ज्याला वाटते त्याने ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गिऱ्हाईक आणणे हे दलालाचे काम आहे. पण वारसांची संमती आणि कागदांची तयारी हे घरवाल्याचे काम आहे. ते दुसरा कोणी करून देऊ शकत नाही. ते आधी केले तर सौदा महिन्या-दोन महिन्यांत होतो. ते मागे ठेवले तर तीन आठवड्यांचे काम दोन वर्षे चालते.

आता ही तयारी कोणती, ते पाहू.

पहिली गोष्ट, घर कोणाचे? गावातला कोणी सांगेल, 'त्यात काय, घरपट्टी ज्याच्या नावावर त्याचे.' तसे नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा उतारा आहे. कर कोण भरतो ते त्यावरून समजते, मालक कोण ते तेवढ्यावरून ठरत नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. एखादा पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्याची पत्नी, त्याची आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा हिस्सा असतो. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल, तर तिच्या मुलाबाळांचा हक्क राहतो. वडिलोपार्जित मिळकतीबद्दल ९ सप्टेंबर २००५ पासून कायदा बदलला आणि मुलीला मुलाप्रमाणेच जन्माने हक्क मिळाला. त्या तारखेस वडील हयात असले पाहिजेत की नाही, यावर पुष्कळ वर्षे वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निर्णय दिला, की तशी गरज नाही. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, म्हणून तिचा हक्क जात नाही. हे मी हिंदू कुटुंबांविषयी सांगितले. ज्यांचा वारसा कायदा वेगळा आहे त्यांनी आपल्या वकिलाला विचारून घ्यावे.

म्हणून घर विकण्याचा विचार मनात आला, की कागद घ्यावा आणि सगळ्या वारसांची नावे लिहावीत. बहिणी, वारलेल्या भावाची बायको व मुले, परगावी असलेला पुतण्या, कोणी सुटता कामा नये. वारसांत कोणी अज्ञान असेल, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याच्या हिश्शाबद्दल वकिलाचा सल्ला घ्या. पुष्कळ वेळा न्यायालयाची परवानगी लागते. मग प्रत्येकाकडे स्वतः जावे. फोनवर नव्हे, आणि सही घेण्यासाठीही नव्हे. विचारायला जावे. पुढे दोन वाटा आहेत. एक, सर्व वारसांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात आणि ज्याच्या-त्याच्या हिश्शाचा चेक ज्याच्या-त्याच्या नावाने घ्यावा. दुसरी, एखाद्याला आपला हिस्सा खरोखरच नको असेल, तर त्याने हक्कसोडपत्र लिहून द्यावे. पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. बहिणीने हक्क सोडणे ही तिची मर्जी आहे. तो भावाला द्यायचा आहेर नव्हे, आणि तो गृहीत तर मुळीच धरू नये.

दुसरी गोष्ट, घर कोणत्या जमिनीवर उभे आहे? गावठाणात असेल आणि तिथे नगर भूमापन झालेले असेल, तर भूमी अभिलेख खात्याकडून मिळकत पत्रिका मिळते. पुष्कळ गावांत गावठाणाची मोजणीच झालेली नव्हती. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देतात. आपल्या गावची मोजणी झाली का, पत्रिकेवर नाव कोणाचे आले, क्षेत्र बरोबर आहे का, हे आजच पाहून ठेवा. घर विकायचे नसले तरी पाहा. चूक असेल तर ती दुरुस्त होण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ गिऱ्हाईक दारात उभे असताना मिळत नाही.

घर गावठाणाबाहेर, सातबाऱ्याच्या जमिनीवर असेल, तर ती जमीन बिनशेती झाली आहे का ते पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. घर बांधलेले दिसते म्हणून खालची जमीन आपोआप बिनशेती होत नाही. कित्येक सौदे इथेच फिसकटतात.

तिसरी गोष्ट बोजाची. घर गहाण टाकून कधी कर्ज काढले होते का? फेडले असेल, तर बोजा कमी झाल्याची नोंद झाली का? माणूस कर्ज फेडतो, पावती खिशात घालतो आणि नोंद विसरतो. वीस वर्षांनी ती नोंद उभी राहते. त्याबरोबरच घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेचे बिल भरून पावत्या एका पिशवीत ठेवा. मूळ खरेदीखत, मृत्यूचे दाखले आणि वारसनोंदीचे कागदही त्याच पिशवीत ठेवा. या पिशवीच्या दोन झेरॉक्स प्रती काढाव्यात. मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नयेत. दलालाला झेरॉक्स द्यावी, तीही यादीवर त्याची सही घेऊन.

आता किमतीकडे वळू. आपल्या घराची किंमत आपल्याला नेहमीच जास्त वाटते, कारण आपण त्यात आईचे हात, वडिलांचे कष्ट मोजतो. गिऱ्हाईक ते मोजत नाही. ते जागा मोजते, रस्ता पाहते, पाणी पाहते. जुन्या घरांत तर कित्येकजण फक्त जागेची किंमत धरतात आणि तुळया-खांबांच्या सागवानाची वेगळी. मग किंमत ठरवायची कशी? सरकार दरवर्षी बाजारमूल्याचे तक्ते काढते, त्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. ते मुद्रांक शुल्कासाठी असतात. ठरलेली किंमत आणि तक्त्याची किंमत यांत जी अधिक, तिच्यावर शुल्क धरतात. प्रत्यक्ष बाजारभाव त्याहून कमी किंवा जास्त असू शकतो. खरा अंदाज हवा असेल, तर आपल्या गावात वर्षा-दोन वर्षांत कोणती घरे विकली गेली ते पाहा. नोंदलेल्या प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन निघते. तीत किंमत, क्षेत्र आणि तारीख असते, आणि ती पाहता येते. दोन-तीन दस्तांवरून आपल्याला आपला आकडा कळतो. मग दलाल काय म्हणतो ते ऐकावे. आधी त्याचे ऐकून मग आपले ठरवू नये.

घर दाखवण्याविषयी थोडे सांगतो. बंद घर लवकर विकले जात नाही. गिऱ्हाईक येणार म्हणून कुलूप उघडले आणि आत वटवाघळांचा वास आला, तर किंमत तिथल्या तिथे उतरते. कौले चाळून घ्यावीत, अंगण झाडावे, भिंतींना चुना द्यावा, परड्यातले गवत काढावे, दिवा लागतो ना ते पाहावे. याला फार पैसे लागत नाहीत. हंगामही पाहावा. भर पावसात घर पाहायला कोणी येत नाही, आणि पितृपक्षात पुष्कळ लोक सौदा करत नाहीत. दसऱ्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंतचा काळ आमच्याकडे बरा. तेव्हा कागदांची तयारी पावसाळ्यात करावी आणि घर दसऱ्याला दाखवायला काढावे. आणखी एक. घरात काही उणे असेल, शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल, पन्हाळीच्या पाण्याचा वाद असेल, कोणाची वहिवाट जात असेल, तर ते लपवू नका. मालकीतला दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे असे कायदाच म्हणतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, खेडेगावात शेजारी दुसऱ्याच दिवशी सांगतोच!

आता दलाल. त्यांना हल्ली एजंट म्हणतात. मी ठेच खाल्ली असली, तरी सारे दलाल वाईट असे मी म्हणणार नाही. चांगला दलाल चार गावांतली गिऱ्हाइके ओळखतो, कोणाला खरेच घ्यायचे आहे आणि कोण नुसताच पाहत हिंडतो हे जाणतो, आणि दोघांच्या मानापमानात मध्ये उभा राहतो. ते काम आपल्याला जमणार नाही. त्याचे मोल त्याला मिळालेच पाहिजे. आमच्याकडे साधारणपणे शेकडा एक किंवा दोन अशी दलाली चालते.

२०१६ साली रेरा नावाचा कायदा झाला. आपल्या राज्यात २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण त्याचे काम पाहते. बांधकाम व्यावसायिकांच्या नोंदलेल्या प्रकल्पांत सदनिका किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते. २०२३ पासून तर त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. तेव्हा शहरात फ्लॅट घेताना एजंटाचा नोंदणी क्रमांक जरूर विचारा. पण आपल्या गावातले जुने घर काही अशा प्रकल्पात येत नाही. ते विकून देणाऱ्या दलालाला या कायद्याचा धाक नाही. मग आपल्याला आधार कशाचा? १८७२ सालच्या करार कायद्याचा, आणि आपण लिहून घेतलेल्या कागदाचा.

तो करार कायदा जुना असला, तरी त्यात या बाबतीत शहाणपणाच्या गोष्टी आहेत. वेगळे काही ठरलेले नसेल, तर काम पुरे झाल्याखेरीज दलाली मागता येत नाही. दलालाने आपल्या कामात लबाडी केली, तर त्या कामाची दलाली मागण्याचा त्याचा हक्क जातो. आणि मालकाला अंधारात ठेवून त्याने त्या सौद्यात स्वतःचाच व्यवहार साधला, तर तो फायदा मालकाला मागता येतो. हे मला आधी माहीत असते, तर 'वरचं मी बघतो' या शब्दांवर मी मान डोलावली नसती. श्रोतेहो, 'तुमच्या हातात इतके, वरचे माझे' असे जो म्हणतो, त्याला नम्रपणे नमस्कार करावा. गिऱ्हाईक काय देणार आहे तो आकडा मालकाला कळलाच पाहिजे, आणि दलाली त्या आकड्यावर शेकड्याने ठरली पाहिजे.

दलालाशी जे ठरेल ते एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्या पानावर काय असावे? मागायची किंमत, दलालीचा दर, आणि दलाली खरेदीखताच्या दिवशीच देण्यात येईल हे कलम. मुदत तीन महिन्यांची घालावी. काम झाले नाही तर दोघेही मोकळे. इसार किंवा कोणतीही रक्कम मालकाच्याच नावाने यावी, दलालाच्या हाती नव्हे. घेणारा दलालाचा नातेवाईक किंवा भागीदार असेल, तर ते आधी सांगावे. आणि सही करण्याचा अधिकार दलालाला नाही, हे स्पष्ट लिहावे. इतके लिहायला दलाल तयार झाला, तर तो सचोटीचा आहे असे बहुधा समजावे. "गुरुजी, आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणाला, तर सांगावे, "विश्वास आहे म्हणूनच लिहून ठेवतोय."

दोन दलालांना काम दिले तरी चालते, पण दोघांनाही एकच किंमत सांगावी. एकाला दहा आणि दुसऱ्याला बारा सांगितले, की दोन्ही आकडे गिऱ्हाइकाच्या कानावर जातात आणि ते आठावरून बोलू लागते. आणि आपली निकड दलालाला सांगू नये. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. ती असली, तरी गरज एकदा तोंडातून बाहेर पडली की तिचा उपयोग राहत नाही. 'महिनाअखेर पैसे हवेत' एवढे वाक्य कानी पडले, की गिऱ्हाईक महिनाअखेरपर्यंत गप्प बसून राहते.

इसार घेताना घाई नको. इसारपावतीतली मुदत आपल्या कागदांना पुरेल अशी मागावी. दुप्पट परतीची अट असेल, तर ती वाचून, समजून आणि शक्य तर काढून टाकून सही करावी. घेणारा बँकेचे कर्ज काढणार असेल, तर बँकेचा वकील कागद तपासणार, त्याला वेळ लागणार, हे धरूनच मुदत घालावी. हेही ध्यानात घ्या, की नुसत्या साठेखताने घराची मालकी बदलत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचे खरेदीखत नोंदवावेच लागते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते दुय्यम निबंधकाकडे नेले पाहिजे. 'पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू, मुखत्यारपत्र देऊ, म्हणजे खर्च वाचेल' असे कोणी सुचवले, तर त्यात पडू नका. मुखत्यारपत्रावर केलेली अशी विक्री मालकी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे.

पैशाबद्दल नियम साधा आहे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेऊ नये. तसे घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो. चेक, ड्राफ्ट किंवा बँकेतून बँकेत, असाच पैसा घ्यावा. कागदावर कमी किंमत लिहून बाकीची रोख देतो असे घेणारा म्हणेल. ती रोख बुडाली, तर कागद तुमच्या बाजूने बोलणार नाही. पुरी रक्कम हाती आल्याशिवाय किल्ली देऊ नये. आणि नफा झाला असेल तर आयकर लागू शकतो. त्या पैशातून नियमाप्रमाणे दुसरे घर घेतल्यास सवलतही मिळते. ते जाणकाराला विचारून विक्रीच्या आधी समजून घ्यावे.

आता दोन शब्द माझ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी. गावात कागद वाचायचा झाला की लोक आजही शाळेकडे येतात. साक्षीदार म्हणून आपल्यालाच बोलावतात. आपण मुलांच्या उत्तरपत्रिका जितक्या काळजीने वाचतो, तितक्याच काळजीने तो कागद वाचावा, आणि ज्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. विशेषतः हक्कसोडपत्रावर एखादी बहीण अंगठा करायला आली असेल, तर तिला एकदा तरी विचारावे, 'बाई, हे काय लिहिलंय ते तुला माहीत आहे ना? तुझ्या मनानं करतेस ना?' एवढे विचारायला पैसे लागत नाहीत. तिच्या हिश्शाचे जे व्हायचे ते त्या एका प्रश्नावर अवलंबून असते. मी हे विचारणे स्वतःच्या घरात विसरलो, म्हणून आग्रहाने सांगतो.

आमच्या घराचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. दीड वर्षाने मी आणि धाकटा भाऊ दोघेही अक्काकडे गेलो. कागद नेला नव्हता. म्हटले, "अक्का, घराचं काय करायचं ते तू सांग." ती म्हणाली, "विका. पण माझा हिस्सा माझ्या नावानं हवा. मला नको म्हणायचं असेल तर ते मी म्हणेन, तुम्ही म्हणायचं नाही." आम्ही मान्य केले. मग वारसनोंद केली, मिळकत पत्रिका काढली, कौले चाळली. दुसरा दलाल पाहिला. त्याने एक पान लिहून दिले आणि शेकडा दोन ठरवले. दसऱ्याला घर दाखवायला काढले आणि पौष संपायच्या आत खरेदीखत झाले. तिघांचे तीन चेक आले. किमतीत पहिल्यापेक्षा फारसा फरक नव्हता. फरक इतकाच, की त्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अक्का आमच्या शेजारी बाकावर बसली होती.

किल्ली देण्याआधी ती एकदा आत जाऊन आली. आईचे जाते तिने मागून घेतले. ते जड जाते टेम्पोत चढवताना आम्हा दोघा भावांची दमछाक झाली आणि ती लांब उभी राहून हसत होती. त्या वर्षीच्या भाऊबीजेला आम्ही दोघेही तिच्याकडे जेवायला होतो.

तेव्हा श्रोतेहो, घर विकावयाचे असेल तर अवश्य विका. पण दलालाचे दार गाठण्याआधी बहिणीचे दार गाठा.